धूर गोळी खातो

९ जानेवारी

धाकटे,

मधला माझ्याकडे पोचल्याला आज आठ दिवस झाले. प्रकृती ठीक आहे. कळवायचं ठरलं होतं म्हणून कळवते आहे. पत्र आलं म्हणजे राग गेला असं समजू नकोस.

त्या दिवशी माझ्या दारात भावाची पेटी ठेवून तू जे बोललीस ते इथे उतरवत नाही. पन्नाशीला आलेल्या बाईने वसतिगृहाची मेट्रन व्हायला दोन दिवसांच्या प्रवासावर जावं का, यावरही पुन्हा बोलणार नाही. सहा महिने मी त्याला सांभाळून दाखवायचं, नाही जमलं तर मनोरुग्णांच्या त्या संस्थेत त्याची सोय करायची, असं आपलं ठरलं. मला जमेल. एकोणतीस वर्षं मी वजनमापांची निरीक्षक होते. "बाई, एवढं चालायचंच" असं म्हणून माझ्यासमोर कुणाचं कधी चाललं नाही.

अट परत लिहिते. जे असेल ते लेखी. फोन नको. फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि नंतर कोण काय म्हणालं त्याचा पुरावा राहत नाही.

तुझी निळी वही मिळाली. मधल्याने स्वतः शिवलेली, त्यामुळे टाके तरी सरळ आहेत. बुकबाइंडिंग सोडून वीस वर्षं झाली, हात विसरला नाही. आतला मजकूर मात्र थेट तुझ्यासारखा. गोळ्यांच्या वेळांमध्येच कुठला शर्ट त्याच्या मानेला टोचतो, रक्ताच्या तपासणीखाली उशीवर टॉवेल घालावा! मी दोन संध्याकाळी बसून सगळ्याचा एक पानी तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. सकाळी एक पिवळी गोळी, रात्री जेवणानंतर दोन. महिन्यातून एकदा रक्त, पांढऱ्या पेशी मोजायला. तो कागद दाखवल्याशिवाय औषधवाला पुढच्या गोळ्या देत नाही, हे मला आवडलं. पोट साफ झालं का ते रोज विचारायचं. गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करायची नाही. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर पूर्वीइतकी गोळी एकदम सुरू करायची नाही, आधी डॉक्टर. एवढं कामाचं होतं. बाकीचं लाडाचं. ते वगळलं.

पोटाचं रोज विचारते. काल म्हणतो, "साहेब, नमुना सील करून आणू का?"

मला साहेब म्हणतो. तू शिकवलंस का?

आणि सिगरेटी. रोज दहा, धाकटे! आणि त्या तू मोजून दोन डब्यांत काढून ठेवत होतीस, जशी शाळेच्या मुलाची शिदोरी. आपल्या बापाचा शेवटचा खोकला तू ऐकला नव्हतास का? यावर नंतर.

मी एक नोंदवही घातली आहे. तारीख, वेळ, गोळी, झोप, आणि शेवटचा रकाना 'भ्रम'. काही विपरीत बोलला की त्याच्याच शब्दांत उतरवते. डॉक्टरांना दाखवीन. अकरा वर्षांत तू असं काहीच ठेवलं नाहीस याचं मला नवल वाटतं.

कळावे.

थोरली


२५ जानेवारी

धाकटे,

घरात आता धूर नाही. चौदा तारखेपासून पूर्ण बंद. हळूहळू वगैरे मला पटत नाही. खोटं वजन सापडलं की ते कुणी थोडं थोडं जप्त करत नाही. दोन्ही डब्या मी बादलीत बुडवल्या. पडदे धुतले, दोनदा काळं पाणी निघालं. इमारतीखाली शिंप्याचं दुकान आहे आणि त्याला लागूनच सिगरेटची टपरी. आल्यापासून त्याला त्या शिंप्याच्या बाकावर जाऊन बसायची सवय लागली होती. खाली उतरणंही मी बंद केलं. न दिसलं की न आठवलं.

मला वाटलं होतं, दंगा करेल. केला नाही. चार दिवस खोलीत येरझाऱ्या घातल्या. पाचव्या दिवशी मी पीठ चाळत होते, तर समोर येऊन उभा राहिला.

"ताई, धूर गोळी खातो."

"काय?"

"धूर गोळी खातो. धूर गेला तर गोळी मला खाईल."

"गोळी तू खातोस. गोळी तुला खात नाही. जा, अंथरूण आवर."

"धाकटीला विचार."

वेळ सकाळी दहा वीस. 'भ्रम' रकान्यात नोंद केली. रकाना आता बराच भरला आहे. खालचा शिंपी मला घाबरतो, असं म्हणतो. आपल्या जिन्याला पंधरा पायऱ्या आहेत म्हणतो; एकतीस वर्षं मी राहते इथे, चौदा आहेत. नळातून बाई बोलते म्हणतो. आणि दर गुरुवारी चार वाजता धाकटी शिंप्याच्या दुकानात असते म्हणतो. तू दोन दिवसांच्या प्रवासावर! हे ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तुझी आठवण काढतो, पण कशी, बघ.

एरवी मात्र शांत आहे. दहा-दहा तास झोपतो, कधी बारा. येरझाऱ्या गेल्या. तुझ्याकडे म्हणे पहाटेपर्यंत जागा असायचा. शिस्तीने काय होतं ते दिसतं आहे.

फक्त उशी फार ओली होते. तोंडातून लाळ गळते. टॉवेल घालायला लागले आहे. परवा माझ्या जुन्या शब्दकोशाचा पुठ्ठा शिवायला दिला होता, तर सुईत दोराच ओवता येईना. पाऊण तास बसला. मग सुई माझ्याकडे देऊन म्हणाला, "साहेब, भोक लहान झालंय." मी हसले. तो हसला नाही.

सवय मोडताना असं होत असावं.

थोरली


८ फेब्रुवारी

धाकटे,

मी स्पष्ट विचारते. वहीत काही लिहायचं राहिलं आहे का? तुझ्याकडे असताना त्याला कधी असं झालं होतं का?

काल जेवताना ताटावर मान टाकून झोपला. चालतो तो होडीत उभा असल्यासारखा, भिंत धरून. बोलतो तर जीभ जड. "पाणी" म्हणायला दोन वेळा तोंड उघडतो. दुपारी मला विचारलं, "आई बाजारातून आली का?" आई जाऊन बारा वर्षं झाली. ते मी 'भ्रम'मध्ये लिहायला घेतलं आणि लिहिलं नाही. का ते सांगता येत नाही.

मला पहिल्यांदा वाटलं, चोरून जास्त गोळ्या घेतो. मोजल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. गादीखाली, शर्टांच्या खिशात, पुठ्ठ्यांच्या ढिगात, सगळीकडे पाहिलं. तो पलंगावर बसून बघत होता. म्हणाला, "मिळालं की मला पण सांग." मग वाटलं, औषधवाल्याने वेगळ्या ताकदीची गोळी दिली. वेष्टन तेच, छापलेलं तेच. तरी मी निवृत्तीला मिळालेला काचेच्या पेटीतला तराजू काढला. तू उरलेल्या म्हणून दिलेल्या गोळ्या एका पारड्यात दहा, नव्या दुसऱ्यात दहा. काटा मध्यावर, तसूभर हलला नाही. हसू नकोस. वजनावरून ताकद कळत नाही हे मलाही कळतं. पण दुसरं काय तपासता येतं मला?

रक्ताचा कागद आला. पांढऱ्या पेशी बरोबर. दवाखान्यात फोन केला तर कारकून म्हणाला, "पेशी बरोबर आहेत ना? मग दिलेल्या तारखेला या, सतराला." मी विचारलं, "आणि तोवर?" तर म्हणाला, "तोवर गोळ्या चालू ठेवा." ठेवल्या आहेत.

गोळी तीच. वेळ तीच. मोजमाप तेच. रक्त बरोबर. आणि माणूस रोज थोडा थोडा कुठे जातो आहे? नोकरीत मी शेकडो अहवाल लिहिले. 'कळत नाही' असा शेरा कधी मारला नाही. आज मारते आहे. मला कळत नाही.

परवा रात्रीच्या दोन गोळ्यांपैकी एक मी सुरीने अर्धी केली. वाटलं, इतकी झोप येते तर थोडी कमी देऊन बघू, कोणाला कळणार. मग दारावरचा तक्ता दिसला. माझ्याच अक्षरात, 'स्वतःच्या मनाने कमी-जास्त नाही.' दोन्ही अर्ध्या त्याला दिल्या. बरोबर केलं का चूक केलं, तेही कळत नाही.

सोमवारी दोनदा आणि मंगळवारी एकदा तुझा नंबर फोनवर दिसला. उचलला नाही. अट ती अट. आणि काल तुझं कार्ड आलं. चार शब्द. 'ताई, वही वाच. सगळी.' मी रोज वाचते, धाकटे. सकाळ-संध्याकाळ दाराशी उभी राहून वाचते. त्यात जे आहे ते सगळं करते आहे. टोमणे मारायला चार शब्द पुरतात, मदत करायला पाचवा सापडला नाही?

लगेच उत्तर पाठव. लेखी.

थोरली


१३ फेब्रुवारी

धाकटे,

मधला रुग्णालयात आहे. जिवाला धोका नाही. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

काल दुपारी चारच्या सुमारास मी भांडी आवरत होते. दाराची कडी त्याने कधी काढली कळलं नाही. जिन्यात आवाज झाला. शेवटच्या वळणावरून तळापर्यंत घसरला होता. कपाळ फुटलं, मनगट सुजलं. मी पोचायच्या आत खालचा शिंपी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, गळ्यात टेप तशीच. मी विचारलं, "कुठे निघाला होतास?" तर म्हणाला, "गुरुवार आहे." बाकी जे बोलला ते कळण्यासारखं नव्हतं. रिक्षा शिंप्याने आणली.

तिथल्या डॉक्टरीणबाई लहान आहेत, तुझ्या लेकीच्या वयाच्या असतील. केस बांधायलाही वेळ मिळाला नसावा अशा. मी नोंदवही पुढे ठेवली. वाटलं, कुणीतरी नीट ठेवलेली नोंद बघून बरं वाटेल. त्यांनी गोळ्यांचे रकाने भरभर पाहिले आणि 'भ्रम'वर थांबल्या. एका ओळीवर बोट ठेवलं.

"धूर गोळी खातो. हे कोण म्हणालं?"

"तोच."

"सिगरेट ओढतात?"

"ओढत होता. मी बंद केली."

"कधी?"

"चौदा जानेवारी. एका दिवसात."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग म्हणाल्या, "काकू, हा भ्रम नाही. हे बरोबर आहे."

मी नोंदवही स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

त्यांनी मला सांगितलं, मी दोनदा विचारून घेतलं, तसं उतरवते. हे औषध यकृतात जिरतं. सिगरेटचा धूर त्या जिरण्याला घाई लावतो. दहा सिगरेटी ओढणाऱ्याला म्हणून गोळ्या जास्त लागतात, आणि त्याचं प्रमाण त्या धुरासकट बसवलेलं असतं. धूर एकदम थांबला की घाई थांबते. गोळ्या तेवढ्याच जातात, पण औषध अंगात साठत राहतं. झोप, लाळ, तोल, जड जीभ, गोंधळ, सगळं त्याचंच. आणखी चढलं असतं तर आकडीही आली असती. महिन्याच्या तपासणीत पेशी मोजतात. रक्तात औषध किती आहे ते त्यात दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी. सगळ्याच औषधांचं असं नसतं, पण याचं आहे.

मी म्हणाले, "म्हणजे त्याने सिगरेट ओढायला हवी होती?"

"छे! सोडवलीत हे चांगलंच केलंत. पण आधी आम्हाला सांगायचं. आम्ही रक्त बघत बघत गोळ्या उतरवल्या असत्या. आता घाबरून त्यांच्या हातात पुन्हा डबी देऊ नका, आणि घरी गोळ्याही बंद करू नका. जे करायचं ते आम्ही इथे करतो."

मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

मी म्हणाले, "नाही."

ही गोष्ट वहीत असायला हवी होती, धाकटे. पहिल्या पानावर.

वही मी अजून काढलेली नाही. कपाटात वरच्या फळीवर आहे. घरी आले तेव्हा अंधार पडला होता आणि स्टूल सापडलं नाही.

थोरली


१४ फेब्रुवारी

धाकटे,

कालचं पत्र पेटीत पडलेलं आहे. टपालाची पेटी उघडून घ्यायचा अधिकार मला नाही, नाहीतर परत घेतलं असतं.

स्टूल तिथेच होतं. कपाटाला टेकून.

चौथं पान. तुझं अक्षर. 'सिगरेट रोज दहा. जास्त नाही, कमी पण नाही. ताई, तुला राग येईल, पण एकदम सोडवू नकोस. या गोळीचं माप धुरावर बांधलंय, मोठ्या डॉक्टरांनी मला बजावलंय. सोडवायची झाली तर आधी डॉक्टर, मग डबी. मधल्याला हे माहीत आहे. तो त्याच्या भाषेत सांगेल.'

त्यावर तिरकी तांबडी रेघ. समासात शब्द, 'लाड'. रेघ पट्टीने मारलेली आहे. मी हाताने रेघा मारत नाही.

म्हणजे मी वाचलं होतं. अर्धं वाचलं असेन, 'सिगरेट रोज दहा' इथवर, आणि पुढे पट्टी घेतली असेन. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, आणि हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. दुकानदार हेच म्हणायचे, "बाई, लक्षात नाही," आणि मी पुढचं कलम लावायचे.

आज सकाळी जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. म्हणाले, "परवा तुम्ही विचारलं, कुणी सांगितलं होतं का. मी नाही म्हणाले. ते खोटं आहे. दोघांनी सांगितलं होतं. एकीने लिहून, एकाने तोंडी." त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि फायलीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मला एक गोष्ट सुटत नाही. तू 'ताई' म्हणून लिहिलं आहेस. त्या पानावरच नाही, पुढेही दोन ठिकाणी. 'ताई, तो रागावला तर उत्तर देऊ नकोस, पाच मिनिटं थांब.' 'ताई, तूही वेळेवर जेव.' ती वही तुझ्या अकरा वर्षांची टिपणं आहेत असं धरून मी चालले होते. तू ती माझ्यासाठी नव्याने लिहिली होतीस. पेटी घेऊन दारात यायच्या आधी, बसून, चाळीस पानं. आणि मी तिचं एक पान केलं.

दारात तू म्हणालीस ते आता लिहिते. "अकरा वर्षं तू फक्त तपासायला आलीस, ताई."

मधला आज थोडा जागा होता. मी त्याच्या उशाशी बसून म्हणाले, "तुझं बरोबर होतं. धूर गोळी खातो." त्याने उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग जड जिभेने म्हणाला, "लिहून दे."

चेष्टा होती की नाही ते कळलं नाही. लिहून दिलं.

थोरली


१ मार्च

धाकटे,

तो परवा घरी आला. गोळ्या आता कमी आहेत, आणि हेही कायमचं नाही. दर आठवड्याला रक्तातलं औषध बघायचं, मग डॉक्टरीणबाई ठरवतील. जीभ सुटली आहे. तोल आला आहे. उशीवर टॉवेल आहे.

सिगरेटचं त्याचं त्याने ठरवलं. म्हणाला, "एवढं कपाळ फोडून सुटली, आता परत कशाला?" पण डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर मला सांगितलं, की उद्या यांनी पुन्हा ओढली तर लपवायची वेळ यांच्यावर येता कामा नये, धूर परत आला तर आता गोळ्या कमी पडतील. तेव्हा ओढली तर तो सांगेल आणि मी रागावणार नाही. हेही त्याने माझ्याकडून लेखी घेतलं आहे. तारीख, सही.

मग आम्ही नोंदवही काढली. मला झोप लागत नव्हती धाकटे, कारण एक ओळ खरी निघाली तर बाकीच्यांचं काय? सतरा नोंदी आहेत. मी म्हणाले, "मला यातलं खरं कुठलं आणि आजाराचं कुठलं, कळत नाही. तूच सांग." त्याने पेन्सिल कानावर लावली, बाइंडिंगच्या दुकानात लावायचा तशी.

"नळातली बाई, आजार," म्हणाला. "ती खरी नाही हे मला माहीत आहे. अजून बोलते कधी, पण लांबून, शेजारच्या घरात असल्यासारखी. हे खोडू नको. डॉक्टरला लागेल."

'आई तुझ्यावर रागावून गेली' असं एकदा म्हणाला होता, ते दाखवलं. "हे तुला टोचायला बोललो. डबी बुडवलीस त्या दिवशी." त्यापुढे त्याने 'चेष्टा' लिहिलं, मग खोडून 'राग' लिहिलं.

जिन्याच्या पायऱ्या. मी उतरून मोजल्या. पंधरा आहेत. शेवटची जमिनीत अर्धी गेली आहे, तिच्यावर मी कधी पाय देतच नव्हते. त्याच पायरीवर तो पडला होता.

खाली गेलेच होते, म्हणून शिंप्याकडे गेले. रिक्षा आणल्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. दुकानात पाऊल टाकलं तर त्याने लोखंडी मीटर पटकन काउंटरखाली सरकवला.

"काय लपवता मास्तर?"

"काही नाही, बाई. सवय. नव्वद साली तुम्ही माझ्या वडलांचा मीटर जप्त केला होता. अर्ध्या बोटाने कमी भरला होता."

"मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली."

"ते खरं. पण तुम्ही जिन्यावरून उतरताना अजून वाटतं, आता काहीतरी मोजणार."

म्हणजे शिंपी मला घाबरतो ही नोंदही खरी. मी विचारलं, "गुरुवारी चारला इथे काय असतं?" शिंप्याने कात्री खाली ठेवली. म्हणाला, "फोन असतो, बाई. तुमच्या धाकट्या बहिणीचा. यांनी आल्या आल्या माझा नंबर त्यांना पत्रातून कळवला होता. पहिल्या गुरुवारी मी यांना फोन दिला आणि मशीन थांबवलं, आवाज होतो म्हणून. मग हे यायचे बंद झाले. चार गुरुवार त्या मला विचारत होत्या, 'आज पण नाही आला?' शेवटी म्हणाल्या, ताईला बोलवा, आत्ताच्या आत्ता. मी म्हणालो, बाईसाहेब, मला धंदा करायचाय." मग म्हणाला, "बोलवायला हवं होतं. माझं चुकलं."

मी म्हणाले, "तुमचं नाही चुकलं."

तेव्हा धाकटे, तू गुरुवारी चार वाजता शिंप्याच्या दुकानात होतीस. माझ्या वहीत त्याची भ्रम म्हणून नोंद आहे. डबी बंद केली त्याच दिवशी मी जिनाही बंद केला, आणि तुला कळवणारी एकच वाट होती ती बुजवली. तू माझ्या फोनवर तीनदा आलीस, तेव्हा मी पुरावा राहत नाही म्हणून उचलला नाही. आता पुरावे भरपूर आहेत. सगळे माझ्या अक्षरात.

सहा महिन्यांचं मी मधल्याला विचारलं. संस्था, तू, की मी. तो म्हणाला, "हे मला जानेवारीत कुणी विचारलं नव्हतं." मग पुठ्ठा उलटासुलटा करत बसला. शेवटी म्हणाला, "इथे शिंपी आहे. राहीन. पण तक्ता मी लिहिणार." लिहिला आहे. दाराला माझा होता तिथे त्याचा आहे. तुझ्या वहीतून उतरवलेला, आठ पानं, दोऱ्याने शिवून खिळ्याला टांगलेला. शर्टाचंही त्यात आहे. मोठ्या अक्षरात पहिली ओळ, 'काहीही बदललं, सोडलं, धरलं, तर आधी डॉक्टरला सांगा. साहेबांनी सुद्धा.'

तुझा नंबर माझ्याकडे आहे. या पंधरवड्यात तीन वेळा लावायला घेतला. कुठून सुरुवात करायची ते लिहिल्याशिवाय मला येत नाही, म्हणून आधी हे पत्र.

बारा तारखेला गुरुवार आहे. तोवर हे तुला मिळेल. चार वाजता मी मधल्याबरोबर खाली बाकावर असेन. आधी त्याचं बोलणं होऊ दे, त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मग त्याला म्हण, ताईला दे. मी काय बोलेन ते मला माहीत नाही. तू रडलीस तर रड.

हे मी लिहीत असताना तो मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "साहेब, पण तोंडी चालेल?"

चालेल.

ताई